स्वप्नातला जास्तीचा जिना

प्रश्न : दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर वारंवार स्वप्नात येतं, पण माजघरातून वर जाणारा, प्रत्यक्षात नसलेला जिना तिथे असतो. हे समांतर विश्व असेल का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : समांतर विश्वांची कल्पना भौतिकशास्त्रात आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी ती १९५७ मध्ये मांडली. पण त्यांच्या मांडणीत विश्वाच्या एकदा फुटलेल्या शाखांमध्ये व्यवहारात निरोपाची देवाणघेवाण उरत नाही, त्यामुळे तिथला जिना झोपेत दिसण्याला त्यातून आधार मिळत नाही.

जिना खरा वाटतो त्याचं कारण झोपेत आहे. साधारण दर ९० मिनिटांनी रेम झोप, म्हणजे मिटलेले डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात तो टप्पा, येते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. त्या वेळी शंका घेणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग मंदावलेला असतो. म्हणून पायऱ्या चढताना ‘हा इथे कसा?’ असं मनात येतच नाही.

तरीही नोंद जरूर ठेवा. उशाशी वही-पेन्सिल हवी. जाग आल्यावर कूस बदलू नका, मोबाइल तर नकोच. मिनिटभर डोळे मिटून पडा. आधी मनातली भावना, मग जागा, मग माणसं लिहा. घराचा नकाशा काढा, पायऱ्या मोजा. दुपारवर टाकलंत की गाळलेल्या जागा मन स्वतःच भरतं, आणि आधी घरच्यांना सांगितलंत तर त्यांच्या आठवणी मिसळतात. लिहून झाल्यावरच वडीलधाऱ्यांना विचारा. असा जिना लहानपणी दुसऱ्या कुठल्या वाड्यात पाहिलेला असू शकतो.