देवस्थानाचा हिशेब आणि ब्लॉकचेन

प्रश्न : मी गावच्या देवस्थानाचा विश्वस्त आहे. देणग्यांच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवल्यास गैरव्यवहाराला जागाच उरणार नाही, असे एका तरुण भक्ताने सुचवले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : अंशतः. ब्लॉकचेन म्हणजे साखळीसारखी जोडलेली संगणकीय हिशेबवही; तिच्यात नोंदींच्या प्रत्येक गटात आधीच्या गटाचा सांकेतिक ठसा, म्हणजे हॅश, असतो. त्यामुळे जुनी रक्कम गुपचूप बदलल्यास पुढचे ठसे जुळेनासे होतात आणि ज्यांच्याकडे वहीची प्रत आहे त्या सर्वांना ते कळते. मात्र प्रत एकट्या देवस्थानाच्याच संगणकावर असेल, तर सगळी साखळी नव्याने रचता येते. म्हणून ती ग्रामस्थ, लेखापरीक्षक अशा स्वतंत्र हातांतही असावी.

खरी अडचण दानपेटीची आहे. रोकड मोजून आकडा माणूसच भरतो, आणि तो चुकीचा असला तर यंत्रणा तोच जपून ठेवते. पंचांसमक्ष, कॅमेऱ्यासमोर होणारी मोजणी मला म्हणूनच अधिक मोलाची वाटते. देणगीदारांची नावे साखळीवर घालू नका, कारण ती मागाहून पुसणे जवळजवळ अशक्य असते, आणि गुप्तदान करणाऱ्याचा मान राखलाच पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार करावयाचे लेखापरीक्षण ब्लॉकचेन वापरल्याने टळत नाही.