हॉरर-कॉमेडी करताय? कॅमेऱ्याचं शेवटी बघा

चौघे मित्र, जमवलेले ६० हजार, एकाच्या आजीचं देवगडकडचं बंद घर, हॉरर-कॉमेडी करायची आहे आणि प्रश्न काय, तर कॅमेरा कोणता घ्यावा? माझं सरळ मत: कुठलाच घेऊ नका. कुणाकडे बरा फोन असेल तर त्यावर करा, नाहीतर शूटपुरता कॅमेरा भाड्याने आणा. पैसा आवाजावर आणि जेवणावर घाला. चित्र थोडं खरखरीत असलं तर भुताच्या सिनेमात खपतं. संवाद कळला नाही, तर विनोद जागीच मेला.

कोकणातल्या घरात आवाजाचा खरा शत्रू म्हणजे रातकिडे. एका वाक्याला किर्र, पुढच्या कटला शांत, असं झालं की एडिटिंगला डोकं धरून बसाल. म्हणून प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून दोन-तीन मिनिटं नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा आणि तो पूर्ण सीनखाली अंथरा. मग हेच रातकिडे तुमच्या कामाला येतात. भूत यायच्या आधी किरकिर एकदम बंद करा. प्रेक्षक सावरून बसतो, खर्च शून्य. छोटे कॉलरमाइक भाड्याने मिळतात. फ्रिज आणि पंखा मात्र आठवणीने बंद करा, आणि फ्रिज नंतर चालू करायचं काम एकावर सोपवा, नाहीतर बांगडे जातील.

स्क्रिप्टबद्दल विचारलंच नाहीत, पण गाडी तिथेच अडते. नवखे लोक भुतालाच विनोदी करतात आणि मग भीतीही जाते, हसूही जातं. ‘झपाटलेला’ (१९९३) पुन्हा बघा. तात्या विंचू गंमत करायला आलेला नाही, त्याला लक्ष्याच्या शरीरात शिरायचंय. हसू येतं ते लक्ष्या जीव तोडून सांगतोय आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, याचं. तुमच्या भुतालाही एक ठाम मागणी द्या आणि ते ती गंभीरपणे मागू दे. माणसं मात्र त्यातही वीजबिल कोण भरणार यावरून भांडू देत. आणि भूत कमी दाखवा. दार उघडतं, चौघांचे चेहरे, मग पाचवा काहीतरी भलतंच बोलतो. चेहऱ्यांवर कॅमेरा वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त थांबवा, हसू तिथेच पिकतं.

शूट रविवार-रविवार करायचं म्हणताय, ते नको. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या पीटर जॅक्सनने परग्रहवाल्यांचा हॉरर-कॉमेडी ‘बॅड टेस्ट’ (१९८७) न्यूझीलंडमध्ये मित्रांना घेऊन असाच सुट्टीच्या दिवशी केला, चार वर्षं लागली. चावी भरून चालणारा १६ मिमी फिल्मचा कॅमेरा, एका चावीत जेमतेम अर्ध्या मिनिटाचा शॉट, आवाज सगळा नंतर डब केलेला. परग्रहवाल्यांचे मुखवटे त्याने आईच्या ओव्हनमध्ये भाजले. माणसं कमी म्हणून दोन भूमिका स्वतःच केल्या, एकीत दाढी, दुसरीत सफाचट, आणि कड्यावरच्या मारामारीत तो स्वतःशीच लढतो. त्याची चिकाटी जबर, पण तुमच्यातल्या कुणाचं लग्न ठरेल, कुणाची बदली होईल, कुणी मध्येच केस कापून येईल. सलग पाच-सहा दिवसांची रजा टाका आणि कथा त्या एका घरात आणि अंगणातच बसवा.

काळोखात फोन गळपटतो. बाहेरचे ‘रात्रीचे’ शॉट तिन्हीसांजेला घ्या. सूर्य बुडाल्यावर आकाशात थोडा निळा उजेड उरतो, तेवढ्यात घाई करून दोन-तीन शॉट निघतात, म्हणून तालीम दुपारीच उरका. घरात कंदील दिसू दे, खरा उजेड मागून एलईडीचा.

रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोकोशिवाय ते सरबत दिसतं. कुंकवाच्या नादी लागू नका, ते नीट विरघळत नाही. पाकाला मुंग्या लागतात, त्यामुळे ‘प्रेत’ बनलेल्या मित्राला आधी सांगून ठेवा. खायचा रंग चुन्याच्या भिंतीवरून सहजी जात नाही, तेव्हा मागे जुनी चादर लावा आणि चादरच घराची भिंत आहे असं फ्रेम करा. आजी जिवंत असतील तर हे फार महत्त्वाचं.

गावात सरपंच, पोलीसपाटील आणि शेजारच्या घरांना आधी सांगा. रात्री अकराला बाईची किंकाळी आणि अंगणात लाल माखलेला माणूस, तुम्हाला काठ्याच पडतील. गावच्या खऱ्या देवस्थानाचं किंवा राखणदाराचं नाव कथेत घेऊ नका, तिथे चेष्टा चालत नाही. काल्पनिक नाव ठेवा.

जुनी सिनेमाची गाणीही टाकू नका, यूट्यूबवर हक्काचा दावा लागला की कमाई दुसऱ्याची. ओळखीचा कुणी हार्मोनियम वाजवणारा असेल तर त्याच्याकडून चार सूर घ्या. थिएटरमध्ये लावायचा विचार असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल, यूट्यूबला लागत नाही. आणि शूटच्या आधी एका कागदावर लिहा: कुणी किती पैसे घातले, पैसे आलेच तर वाटा कसा, आणि फायनल कट, म्हणजे एडिटिंगमधला शेवटचा शब्द, कुणाचा. शेवटच्या मुद्द्यावर चौघांच्या सह्या घ्याच.