बोरिवलीत राहून हिमालयातला बर्फ

बोरिवलीहून एका वडिलांनी लिहिलंय: ‘मुलगी टीवाय बीएस्सीला आहे, फिजिक्स. रडारने हिमालयातल्या बर्फाचा अभ्यास करायचा म्हणते. आम्ही बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर आणि ससून डॉकला. यात नोकरी आहे का? आणि पोरीला एकटीला डोंगरात पाठवायचं का?’

नमस्कार. दुसरा प्रश्न आधी घेतो. या कामातले बहुतेक दिवस कॉम्प्युटरसमोर जातात. डोंगरात जायचं ते मोजके दिवस, टीमबरोबर, बर्फाची खोली आणि ओल मोजायला. काळजी करायचीच तर चष्म्याच्या नंबराची करा.

विषय तिने विचार करून निवडलेला दिसतो. साध्या उपग्रहाच्या फोटोला ढग आडवे येतात, रात्री तर काहीच दिसत नाही. रडार स्वतः लहर सोडतं आणि परत आलेली मोजतं, त्यामुळे त्याचं अडत नाही. गंमत अशी, की सेंटिनेल-१ उपग्रहाच्या साधारण साडेपाच सेंटिमीटरच्या लहरीला कोरडा बर्फ जवळजवळ दिसतच नाही. ती आरपार जाऊन खालच्या जमिनीवरून परतते. उन्हाने बर्फ पाझरू लागला की त्यातलं पाणी लहर शोषून घेतं आणि प्रतिमेत तो उतार काळा पडतो. कोरड्या दिवसाच्या तुलनेत सिग्नल ३ डेसिबलने, म्हणजे निम्म्यावर, उतरला की बर्फ ओला धरायचा, अशी रूढ पद्धत आहे. सतलजसारख्या नदीत पाणी किती येईल, याचा अंदाज बांधायला हे कामी येतं. अडचण एवढीच, की डोंगराची रडार-सावलीही, म्हणजे लहर पोचतच नाही तो आडोशाचा भागही, काळाच दिसतो.

नोकरीचं खरं सांगतो. सरकारी कायम जागा थोड्या. सुरुवात बहुधा प्रोजेक्टवर, ठरावीक मुदतीच्या फेलोशिपने होते. पण हात बसला की बर्फापुरतं अडकायला होत नाही: पुराचं साचलेलं पाणीही रडारला काळंच दिसतं, फक्त कारण वेगळं. त्यात ३० जुलै २०२५ ला इस्रो-नासाचा निसार हा रडार उपग्रह सुटलाय, त्यामुळे डेटा वाढणार आणि तो वाचणारे लागणार. रस्ता म्हणजे एमएस्सी, मग गेट ही प्रवेश परीक्षा (जिओमॅटिक्सचा, म्हणजे नकाशे आणि उपग्रह-मोजणीचा, वेगळा पेपर असतो) आणि एमटेक. पवईला आयआयटीत सीएसआरई हे उपग्रह-डेटावर काम करणारं केंद्र आहे, डेहराडूनला इस्रोची आयआयआरएस ही त्याच विषयाची संस्था. आयआयआरएसचे मोफत ऑनलाइन कोर्स ती आजच सुरू करू शकते.

फी भरण्याआधी एक करा. मनालीच्या वरच्या भागाच्या सेंटिनेलच्या दोन प्रतिमा, एक जानेवारीची, एक मेची, तिला फुकट उतरवून घेता येतील. त्या उघडून तपासायचं स्नॅप हे सॉफ्टवेअरही फुकटच आहे. पहिली प्रतिमा बहुधा उलटी दिसेल. टेरेन करेक्शन, म्हणजे डोंगरांच्या उंचीप्रमाणे प्रतिमा नकाशावर बसवणं, केलं की सुलट होते. लॅपटॉप रडकुंडीला येईल, तीही येईल. मग रविवारी रात्री तिच्या शेजारी बसा आणि विचारा, यातला ओला बर्फ कुठला आणि सावली कुठली. तुम्हाला समजेल असं तिने सांगितलं, तर एमएस्सीचा फॉर्म भरा.