कॉलेजच्या लॅबमधली यंत्रं दुप्पट दरानं घेतल्याची चर्चा आहे, तक्रार कुठे करू?

तक्रारीआधी कागद हातात घ्या. नुसत्या चर्चेवर कोणी चौकशी लावत नाही, उलट तुमचंच नाव आधी फुटतं.

सरकारी कॉलेज माहिती अधिकार कायदा, २००५ खाली येतं. १० रुपये शुल्क भरून साधा अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे रामायण लिहू नका. मागा: निविदा किंवा कोटेशन, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, बिलं आणि डेड स्टॉक रजिस्टरचं (कायमस्वरूपी वस्तूंच्या नोंदवहीचं) पान. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

खरी गंमत कोटेशनमध्ये असते. तीन वेगळ्या फर्म, पण टायपिंगच्या चुका त्याच? एकाच आठवड्यात एकाच वस्तूच्या छोट्या छोट्या ऑर्डरी? निविदेची मर्यादा चुकवायला खरेदीचे तुकडे पाडणं ही जुनी युक्ती आहे. दराचं म्हणाल तर लेथ किंवा ड्रिलिंग मशीन असेल तर उद्यमनगरात, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत, चार ठिकाणी विचारा, तासाभरात अंदाज येईल. मात्र मॉडेल आणि क्षमता तीच हवी, नाहीतर तुलना फसते. आणि हो, यंत्र प्रत्यक्ष लॅबमध्ये आहे का तेही बघा!

कागद बोलले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, हेल्पलाइन १०६४. सोबत तुमचं कॉलेज ज्याच्या अखत्यारीत येतं त्या संचालनालयालाही लेखी द्या आणि पोच घ्या. तोवर व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचं नाव टाकू नका.