शिळी नोंद की कालबाह्य नोंद?

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. अनेक यंत्रांवर विखुरलेल्या, एकेका नोंदीच्या अनेक प्रती ठेवणाऱ्या डेटाबेसबद्दल त्यांना विद्यार्थ्यांपुढे मराठीत बोलायचं आहे. ‘स्टेल डेटा’ला, म्हणजे नोंद बदलल्यावरही एखाद्या प्रतीत राहून गेलेल्या आधीच्या माहितीला, शिळा डेटा म्हटलं तर पोरं हसतील, तेव्हा ‘कालबाह्य विदा’ म्हणावं का?

हसू द्यात. शिळाच म्हणा.

कालबाह्य म्हणजे ज्याचा जमानाच सरला ते, उदाहरणार्थ तार. ‘जुना’ही चालणार नाही, कारण तुमची जन्मतारीख जुनी असते, पण शिळी होत नाही. खराब झालेली नोंद तर सरळ नासकीच. शिळ्या नोंदीत तसा काही दोष नसतो. काल ती बरोबरच होती.

नळाचं पाणी आठवा. सकाळी पाणी आलं की आमची आजी हंडा रिकामा करायला लावायची, ‘शिळं ओत, ताजं भर.’ हंड्यातलं पाणी काही बिघडलेलं नसायचं. नळ आला नसता तर तेच दिवसभर प्यायलो असतो. ताजं आलं म्हणून कालचं शिळं ठरलं! डेटाबेसमधला शिळेपणा नेमका असा असतो. पोळीचं वेगळं, ती नुसती रात्र उलटली की शिळी. कॅशेमध्ये, म्हणजे पटकन हाताशी असावा म्हणून ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्यात, मुदत लावून ठेवलेली नोंद या पोळीच्या जातीची: मूळ नोंद बदललेली असो वा नसो, मुदत संपली की ती टाकायची.

‘स्टेल रीड’ला ‘शिळं वाचन’ मात्र नको. वाचन आत्ताच झालं, शिळी निघाली ती प्रत. ‘वाचताना शिळी प्रत हाती लागली’ असं सरळ म्हणावं.

‘कन्सिस्टन्सी’ला सुसंगती हा शब्द वापरतात. पण सुसंगत तर एकट्याचं बोलणंही असतं. इथे सगळ्या प्रतींनी एकच सांगायला हवं, म्हणून मला एकवाक्यता आवडतो. समजा, लग्नाचं कार्यालय बदललं आणि तीन काकांपैकी दोघांना कळवलं. आता कुठल्याही दोघांना विचारा, एकाला तरी नवा पत्ता ठाऊक असणारच. लिहिलेल्या आणि वाचलेल्या प्रतींची बेरीज एकूण प्रतींपेक्षा जास्त ठेवतात ती याचसाठी. मात्र दोघांनी दोन पत्ते सांगितले, तर ‘तुम्हाला कधी कळलं?’ हेही विचारावं लागतं. म्हणून प्रत्येक नोंदीला वेळ किंवा आवृत्तीचा क्रमांक जोडलेला असतो.

‘पार्टिशन’मध्ये गफलत हमखास होते. डेटा मुद्दाम विभागणं ही वाटणी. जाळं तुटून यंत्रांचा एकमेकांशी संपर्क जाणं ही ताटातूट. संगणकशास्त्रज्ञ ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला कॅप सिद्धांत ताटातुटीबद्दल आहे, वाटणीबद्दल नाही. ताटातूट झाली की शिळं उत्तर चालवून घ्यायचं, की ‘आत्ता सांगता येत नाही’ म्हणायचं, यातलं एक निवडावं लागतं.

राहिलं ‘इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी’. तिला कृपा करून अंतिम एकवाक्यता म्हणू नका, अंतिम म्हटलं की निकाल लागल्यासारखं वाटतं. यथावकाश एकवाक्यता म्हणा. नव्या नोंदी थांबल्या तर सगळ्या प्रती कधीतरी एक होतील, एवढाच तिचा शब्द असतो. कधी, ते ती सांगत नाही. ‘यथावकाश कळवण्यात येईल’ हे पत्र ज्याला एकदा आलंय, त्याला ही व्याख्या वेगळी शिकवावी लागणार नाही.