आधी कपाटाचं कुलूप काढा

लातूरहून एक वडील लिहितात : मुलगी अकरावीत आहे, नीटच्या क्लासला जाते. लहानपणापासून रोलर स्केटिंग, आता आईस हॉकीचं वेड. चाचणीत गुण घसरले म्हणून दोन महिन्यांपूर्वी स्केट्स कपाटात कुलूपबंद केले. 'आता ती उलट बोलत नाही, गप्प अभ्यासाला बसते. पण गुण वाढत नाहीत. शिवाय हा मारामारीचा खेळ, मुलीला कसा झेपणार?'

भाऊ, गुणांपेक्षा मला धास्ती वाटली ती 'आता उलट बोलत नाही' या वाक्याची. तुम्ही ते सुधारणा म्हणून लिहिलंय. रोज घामाघूम होऊन घरी येणारी पोर अचानक मुकी होते, तेव्हा तिला शहाणपण आलं असं समजू नका. ती नीट जेवते का, झोपते का, मैत्रिणींशी बोलते का, यातलं काहीच पत्रात नाही. आजच कुलूप काढा. गुणांची अट घालू नका. तरीही ती गप्पच राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, 'लोक काय म्हणतील' यात दिवस घालवू नका.

मारामारीचं म्हणाल, तर तुम्ही पाहिलेत ते पुरुषांच्या व्यावसायिक लीगचे व्हिडिओ असणार. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत प्रतिस्पर्धी खेळाडूला मुद्दाम अंगाने धडक दिली तर शिक्षा होते आणि चेहरा पूर्ण झाकणारं संरक्षण लागतं. खेळ वेगाचा आहे, पडझड होणारच. पण अभ्यासाला मारक? कॅनडाच्या हेली विकेनहायझरने ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं जिंकली आणि नंतर ती डॉक्टर झाली.

नीटचं लातूरकरांना मी काय सांगणार? पहिल्यांदा नाही जमलं तर पुन्हा देता येते.

आता लेकीसाठी, स्पष्टच. आपल्या महिला संघाने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2016 मध्ये खेळली, 2025 च्या आशिया कपमध्ये कांस्य जिंकलं. संघात बहुतेक मुली लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर वाढलेल्या. आयटीबीपी म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस, अशा दलाची नोकरी मिळाली तर आधार, एरवी या खेळावर पोट भरत नाही. त्यामुळे शिक्षण सोडायचं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला डेहराडूनच्या बर्फाच्या रिंकवर न्या, आधी फोन करून वेळा विचारा. चाकांवरची थांबण्याची सवय बर्फावर चालत नाही, पातं आडवं करून बर्फ खरवडत थांबावं लागतं. ते जमतंय का, आवडतंय का, तिलाच ठरवू द्या. तिकिटं दोघांची काढा.