एसीची एमसीबी घेताना

हे बघ, एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, एसीसाठी नसते, भिंतीतल्या वायरसाठी असते. आधी वायर बघ, मग एमसीबीवरचा अँपिअरचा आकडा. दीड टनाचा एसी चालताना 7-8 अँपिअर घेतो, पण साध्या कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका कितीतरी पट. म्हणून सी कर्व्ह, म्हणजे असा झटका सहन करणारी एमसीबी घे; ती तिच्यावरच्या आकड्याच्या 5 ते 10 पट करंटला तत्काळ पडते, बी कर्व्हची 3 ते 5 पटीलाच. सिडकोत एका घरी मे महिन्यात सारखी पडते म्हणून कुणीतरी 16 ची काढून 32 ची ठोकलेली. मागे वायर दीड स्क्वेअर मिमीची! स्क्रू सैल, इन्सुलेशन काळं, बिस्किटासारखं तुटत होतं. मी 4 स्क्वेअरची ओढली, 20 ची सी लावली. आणि हो, नाशिकच्या थंडीत गीझर रोज चालतो. त्याला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीही (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच.